समोरासमोर : उमेदवारांची जाहीर वादसभा आणि सीमाभागातील मतदार

निवडणूक जाहीर झाली की कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील खजुरीसारख्या सीमेलगतच्या गावाला काही दिवस मोठे महत्त्व येते. भोंगे लावलेल्या गाड्या गल्लीगल्लीतून फिरतात. आज एका पक्षाची सभा होते, परवा दुसऱ्याची. वक्ता श्रोत्यांचे चेहरे पाहतो आणि चार वाक्ये मराठीत बोलतो. टाळ्या पडतात. मराठी शाळेतील शिक्षक, तुरीचा भाव, तालुक्याला जाणारी गाडी, मराठीत मिळावयाचे कागद, या सर्वांविषयी काही ना काही आश्वासन मिळते. मग मांडव निघतो आणि ते आश्वासन वाऱ्यावर जाते. ते कोणी लिहून घेतलेले नसते आणि त्याला तेथल्या तेथे कोणी प्रतिप्रश्न केलेला नसतो. ज्याच्या विरोधात ते बोलले गेले तो दुसरा उमेदवार त्या वेळी दुसऱ्याच गावात असतो.

दोन्ही उमेदवार एकाच मांडवात, एकाच दिवशी, एकाच प्रश्नाला ठरलेल्या वेळात उत्तर देत आहेत आणि समोर साऱ्या गावाचे मतदार बसले आहेत, हे दृश्य आपल्या सवयीचे नाही. ते परकीय आहे, शहरी आहे, आपल्याकडे चालणार नाही, असे सहज म्हटले जाते. या समजुतीचा इतिहासाच्या आधाराने विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे. उमेदवारांच्या जाहीर वादसभेची गरज सर्वांनाच आहे. परंतु भाषिक अल्पसंख्याक म्हणून सीमेवर राहणाऱ्या मतदाराला ती अधिक आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे येतील.

शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे पाहू. 'उमेदवार' हा शब्द फारसीतून आला. उमेद धरून आलेला, आशेने दारात उभा राहिलेला, तो उमेदवार. म्हणजे याचक तो आहे, आपण नव्हे. 'जबाबदार' या शब्दात 'जबाब' आहे. जो उत्तर देण्यास बांधलेला आहे तो जबाबदार. उत्तर देण्याचे टाळणाऱ्याला हा शब्द लावणे म्हणजे शब्दाचा अर्थच पुसून टाकणे होय. 'आश्वासन' हा संस्कृत शब्द श्वासाशी नाते सांगतो. धीर देणे, घाबरलेल्याला श्वास घेऊ देणे, हा त्याचा मूळ अर्थ. निवडणुकीच्या सभेत या मूळ अर्थानेच आश्वासने दिली जातात : ऐकणाऱ्याला तेवढ्यापुरता धीर येतो. आश्वासनाला जबाबाची जोड मिळाली, तरच त्याला करारासारखे काही मोल येते.

वादाविषयीही आपल्या परंपरेने बारकाईने विचार केलेला आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे हे शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. आजच्या प्रचारसभांना ही कसोटी लावून पाहिली तर जल्प पुष्कळ आढळतो, वितंडा त्याहून अधिक आढळते. वाद मात्र आढळत नाही, कारण वादाला समोर दुसरा पक्ष लागतो आणि आपल्या सभांची रचनाच अशी की दुसरा पक्ष तेथे असूच नये.

कल्याण ते फड

आपण ज्या भूमीत राहतो तिच्यात प्रश्नोत्तरांची परंपरा फार जुनी आहे. आजचे बसवकल्याण, म्हणजे पूर्वीचे कल्याण, हे बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांचे कार्यक्षेत्र होते. तेथील अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली निरनिराळ्या जातींचे आणि व्यवसायांचे शरण एकत्र बसत, अक्कमहादेवींसारख्या स्त्रियाही त्यात येत आणि आलेल्याला अनुभवाच्या कसोटीवर प्रश्न विचारले जात, असे परंपरा सांगते. तो वारसा कन्नड वचनसाहित्यात जतन झाला आहे. पण त्या मातीत मराठी बोलणारी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि तो वारसा त्यांचाही आहे. प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे, हे कल्याणच्या परिसराला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही.

मराठी लोकपरंपरेत याचे दुसरे रूप कलगी-तुऱ्याच्या फडात दिसते. तुरेवाले आणि कलगीवाले एकमेकांसमोर उभे राहतात. एक बाजू कवनातून कूट घालते आणि दुसऱ्या बाजूने ते कवनातूनच सोडवावयाचे असते. उत्तर आले नाही तर फड हरला, हे निरक्षर श्रोत्यालाही समजते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की श्रोते रात्रभर बसतात ते कोणा एकाचे कौतुक ऐकण्यासाठी नव्हे, तर सामना पाहण्यासाठी. ज्या समाजाने रात्ररात्र सवाल-जवाब ऐकले, त्या समाजाला उमेदवारांचे सवाल-जवाब ऐकण्याचा कंटाळा येईल, असे मानण्यास आधार नाही.

सुशिक्षित वर्गातही ही परंपरा वेगळ्या वाटेने आली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. परंतु व्याख्यानमाला ही एका वक्त्याची असते. तिने ऐकण्याची सवय लावली, विचारण्याची तितकी लावली नाही. आपल्या राजकीय सभेचा साचा व्याख्यानमालेवरून आला, फडावरून आला नाही, हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे एक दुर्दैव म्हटले पाहिजे.

जेथे सभाच गुन्हा होती

बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश मुलखात १९१९ च्या कायद्यानंतर मर्यादित मताधिकाराने का होईना, निवडणुका होत होत्या. संस्थानात मात्र साधी राजकीय सभा घेणेही कठीण होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निघालेले 'गश्ती निशाण ५३' हे परिपत्रक जुन्या पिढीला पाठ होते, कारण सभेसाठी सरकारची आगाऊ परवानगी घेण्याची सक्ती त्याने केली होती. अशा स्थितीत लोकांनी भाषेचा आधार घेतला. तेलुगूभाषकांची आंध्र महासभा १९३० मध्ये जोगीपेठेस भरली. मराठीभाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले. कन्नडभाषकांनी कर्नाटक परिषद उभारली. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होऊ घातली आणि तिच्यावर बंदी आली. या साऱ्यांत भाषा हे एकमेकांना वगळण्याचे साधन नव्हते. बोलण्यावरच बंदी असलेल्या राज्यात बोलता येण्याची ती एक वाट होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाने प्रथमच मतदान केले. त्या निवडणुकीत गुलबर्गा लोकसभा मतदारसंघातून स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, शिक्षकी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला, नेतृत्व तीन भाषांच्या जनतेचे. आज ज्याला आपण सीमा म्हणतो तिच्या दोन्ही बाजूंना त्यांचे आयुष्य पसरलेले होते. पुढच्या, १९५७ च्या निवडणुकीत ते औरंगाबादहून लोकसभेवर गेले. मधल्या पाच वर्षांत नकाशाच बदलला होता.

दोन निवडणुकांमधली रेषा

तो बदल कसा झाला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. राज्य पुनर्रचना आयोग डिसेंबर १९५३ मध्ये नेमला गेला. त्याचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. संसदेने १९५६ मध्ये कायदा केला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि बिदर हा भाग म्हैसूर राज्यात गेला. गुलबर्गा जिल्ह्यातील आळंदही म्हैसूरकडे राहिले.

तारखा पुन्हा पाहाव्यात. पहिली निवडणूक १९५२ ची, दुसरी १९५७ ची. आयोगाची नेमणूक, त्याचा अहवाल, कायदा आणि अंमल हे सर्व या दोहोंच्या मध्ये घडले. १९५२ मध्ये मत मागणाऱ्या उमेदवारांसमोर गावनिहाय सीमेचा प्रश्न ठेवण्याची वेळ आलेली नव्हती. १९५७ मध्ये मत मागणारे आले तेव्हा रेषा ओढून झाली होती. आपल्या शाळेची, कचेरीची आणि न्यायालयाची भाषा कोणती असेल, हे ठरविणारा आयुष्यातील सर्वांत मोठा राजकीय निर्णय या मतदाराच्या वाट्याला प्रश्न म्हणून कधी आलाच नाही. थेट निकाल म्हणूनच आला.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला आणि कर्नाटकाने तो धरून ठेवला. आंध्र-मद्रास सीमेसाठी पाटसकर यांनी गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या हे जे सूत्र वापरले, तेच येथे लावावे, अशी महाराष्ट्राची मागणी राहिली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव संमत केले. महाराष्ट्राच्या ठरावात बेळगाव, कारवार, बिदर, भालकी आदी भागांतील ८६५ गावांचा उल्लेख होता.

हा दावा जिंकला जावो वा न जावो, एक गोष्ट त्यामुळे बदलत नाही. निकाल लागेपर्यंत या गावांतील माणसे कर्नाटकाच्या विधानसभेसाठी मतदान करतात आणि त्यांचे पाणी, रस्ते, शाळा व कागदपत्रे त्या आमदाराच्या हाती असतात. मोठ्या प्रश्नाची वाट पाहताना लहान प्रश्न विचारावयाचे राहून गेले, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. उमेदवारांनीही याचा लाभ घेतला आहे. सीमेविषयी एक भावनेचे वाक्य उच्चारले की शाळेतील रिकाम्या जागेविषयी बोलावे लागत नाही.

इतरांनी काय केले

इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत उमेदवारांची नावे उघड्या मंचावर जाहीर होत आणि त्याच मंचावरून ते मतदारांशी बोलत. या मंचाला 'हस्टिंग्ज' म्हणत. त्या शब्दाच्या पोटी जुन्या नॉर्स भाषेतील 'घर' आणि 'सभा' असे दोन शब्द आहेत. १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि तो जुना मंच गेला. पण शब्द टिकला. आज तेथे एखाद्या चर्चमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात स्थानिक उमेदवारांना एकत्र बोलावून प्रश्न विचारले जातात, त्या सभेलाही हस्टिंग्जच म्हणतात. मोठ्या नेत्यांचा दूरचित्रवाणीवरील पहिला वाद तेथे २०१० मध्ये झाला. गावपातळीवरची रीत त्याहून कितीतरी जुनी.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८५८ मध्ये अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात सात ठिकाणी वाद झाले. नियम साधा होता. पहिल्याने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास, आणि शेवटी पहिल्याने अर्धा तास. पुढच्या गावी क्रम उलटा. विषय गुलामगिरीचा होता. हे वाद न्यूयॉर्कसारख्या महानगरात नव्हे, तर ओटावा, फ्रीपोर्ट, जोन्सबरो अशा लहान गावांत, उघड्यावर झाले, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. ती सिनेटची जागा डग्लस यांना मिळाली. लिंकन यांनी मात्र त्या वादांची टिपणे १८६० मध्ये पुस्तकरूपाने आणली आणि त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आणखी एक बारकावा बोधप्रद आहे. प्रत्येक बाजूची वृत्तपत्रे आपल्या माणसाचे भाषण नीटनेटके करून छापीत आणि दुसऱ्याचे ओबडधोबड ठेवीत. वाद ऐकणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे निःपक्ष टिपण ठेवणेही महत्त्वाचे, हा धडा तेथूनच मिळतो.

दूरचित्रवाणीच्या काळात केनेडी आणि निक्सन यांचा पहिला वाद २६ सप्टेंबर १९६० रोजी झाला. त्यानंतर तीन निवडणुकांत असे वाद झालेच नाहीत, कारण ज्याला आपण पुढे आहोत असे वाटते त्याला वादात उतरण्याची गरज वाटत नाही. १९७६ मध्ये 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' या महिला मतदारांच्या संघटनेने ही प्रथा पुन्हा सुरू केली. त्या वर्षीच्या पहिल्या वादात ध्वनियंत्रणा बिघडली आणि दोन्ही उमेदवार तब्बल २७ मिनिटे काही न बोलता उभे राहिले. जगातील सर्वांत संपन्न देशाचीही ही गत झाली. तेव्हा आपल्याकडे वीज गेली म्हणून कोणी खजील होऊ नये, दुसरा ध्वनिवर्धक मात्र जवळ ठेवावा.

१९८० मध्ये याच संघटनेने अपक्ष उमेदवार जॉन अँडरसन यांनाही बोलावले. विद्यमान राष्ट्राध्यक्ष कार्टर आले नाहीत. त्यांच्या नावाची रिकामी खुर्ची मंचावर ठेवावी काय, याची चर्चा झाली. खुर्ची ठेवली गेली नाही, पण सभा रद्दही केली नाही. उरलेल्या दोघांचा वाद झाला. १९८८ मध्ये मात्र दोन्ही मोठ्या पक्षांनी आपसात करार करून प्रश्न कोणी विचारावयाचे, श्रोते कोण असावयाचे हेही ठरवून टाकले. तेव्हा, हा मतदारांशी कपट करण्याचा प्रकार होईल, असे जाहीर करून त्या संघटनेने अंग काढून घेतले. वादसभेचे नियम उमेदवार ठरवू लागले की ती वादसभा राहत नाही, दोन प्रचारसभा एकाच मांडवात होतात, एवढाच या माघारीचा अर्थ.

आपल्या देशात

भारतात या प्रथेची बीजे आहेत, रोप वाढलेले नाही. राजकीय पक्षांसाठीची आचारसंहिता प्रथम १९६० मध्ये केरळच्या निवडणुकीत आली. एकाने दुसऱ्याच्या सभेत अडथळा आणू नये, हे तिच्यातील एक मूलभूत कलम आहे. १९७७ मध्ये आकाशवाणीवरून पक्षांना भाषणाची वेळ मिळाली. १९९८ पासून निवडणूक आयोगाच्या योजनेनुसार आकाशवाणी व दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना वेळ वाटून मिळतो आणि चर्चेच्या कार्यक्रमांचीही तरतूद आहे. पण ती पक्षांच्या प्रतिनिधींची चर्चा. आपल्या मतदारसंघाचा उमेदवार त्यात नसतो.

मुंबईत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'अग्नी' या नागरी संघटनेने वॉर्डावॉर्डात सर्व उमेदवारांना एका मंचावर आणण्याचे काम केले. २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या नागरिकांनी आपसात विचारविनिमय करून निवडलेले अपक्ष उमेदवार अ‍ॅडॉल्फ डिसूझा विजयीही झाले. अशा सभांना सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनी मोठे बळ दिले. उमेदवाराने आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे शपथपत्रावर सांगितलीच पाहिजेत, असे त्यांमुळे ठरले. प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती आता अफवेऐवजी कागद आहे.

मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकुर, मूळचे सोलापूरचे माजी न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादाचे निमंत्रण दिले. एका बाजूने होकार आला. वाद झाला नाही. दिल्लीत जे जमले नाही ते खजुरीत कसे जमेल, असा प्रश्न येथे विचारला जाईल. माझे उत्तर उलटे आहे. मोठ्या नेत्याला वाद टाळून काही गमवावे लागत नाही. विधानसभेच्या उमेदवाराचे तसे नाही. आळंद विधानसभा मतदारसंघात २०१८ मध्ये विजयी आणि पराभूत उमेदवारांत केवळ ६९७ मतांचे अंतर होते. एवढी मते तर एखाद्या मध्यम आकाराच्या गावातही असतात. असा मतदारसंघ जेथे आहे, तेथे गावाच्या निमंत्रणाला किंमत आहे. ते वापरले जात नाही, इतकेच.

भाषा आणि कायदा

भाषेचा प्रश्न अशा सभेत विचारता येतो काय, ही शंका सीमाभागात नेहमी निघते, आणि ती रास्त आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या कलमाचा अर्थ व्यापक केला; उमेदवाराचीच नव्हे, तर मतदाराची ओळख पुढे करून मत मागणेही त्यात आले.

परंतु याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. १९६२ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या जगदेवसिंह सिद्धांती विरुद्ध प्रतापसिंह दौलता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये असे म्हटले की संविधानाच्या अनुच्छेद २९ ने भाषा जतन करण्याचा जो हक्क दिला आहे, त्यात तिच्या संरक्षणासाठी चळवळ करण्याचा हक्कही येतो. म्हणून भेद ध्यानात ठेवावा. 'मी मराठी, म्हणून मला मत द्या' हे म्हणता येणार नाही. 'अनुच्छेद ३५०-अ प्रमाणे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी आपण काय करणार?' हे कोणत्याही उमेदवाराला, तो कोणत्याही मातृभाषेचा असो, विचारता येते. पहिले वाक्य ओळखीचे आहे, दुसरे हक्काचे. वादसभा माणसाला पहिल्याकडून दुसऱ्याकडे नेते, आणि सीमाभागातील राजकारणाला याच स्थित्यंतराची गरज आहे.

एक अलीकडचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक शासनाने मराठा समाजासाठी विकास प्राधिकरण आणि ५० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. कन्नड संघटनांनी त्याविरुद्ध बंद पुकारला. एप्रिल २०२१ मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक झाली. या सगळ्या गदारोळात मराठा समाज आणि मराठीभाषक या दोन कल्पना एकमेकींत मिसळल्या. मराठी बोलणारा दलित, मुसलमान, लिंगायत, धनगर यांचे काय? जाहीर केलेल्यांपैकी किती रक्कम, कोणत्या कामासाठी, कोणत्या मुदतीत? हे प्रश्न प्रचारसभेत कोणी विचारू शकत नव्हते, कारण तेथे विचारण्याला जागाच नसते. समोरासमोरच्या सभेत ते पहिल्या दहा मिनिटांत निघाले असते.

खजुरीच्या मांडवात

अशी सभा भरविण्यास लागते काय? इतिहासातून निघालेले धडे एकत्र केले तर यादी लांबत नाही. निमंत्रक कोणत्याही पक्षाचे पदाधिकारी नसावेत. निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते, महिला बचत गटांच्या प्रमुख अशांची लहान समिती असावी. तिच्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसे असावीत. निमंत्रण सर्व उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, लेखी जावे आणि पोच घ्यावी. आचारसंहितेच्या काळात पोलीस आणि निवडणूक अधिकारी यांची लेखी परवानगी घ्यावी. खर्चाची नोंद कशी करावयाची हेही तेथेच विचारून घ्यावे. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत सभा घेता येत नाही, म्हणून दिवस त्याच्या बराच आधीचा ठरवावा. सभेत दंगा करणे हा कलम १२७ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे, हे सुरुवातीसच वाचून दाखवावे.

प्रश्न आधी गावातून चिठ्ठ्यांवर गोळा करावेत. स्त्रिया आणि तरुण मंचासमोर उभे राहून बोलतीलच असे नाही, चिठ्ठीवर मात्र लिहितात. त्यांतून पाच-सहा निवडावेत आणि सर्वांना तेच विचारावेत. बोलण्याचा क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा. प्रत्येकाला समान मिनिटे आणि घंटा सर्वांसाठी एकच. शपथपत्रांतील मुख्य गोष्टी दोन्ही भाषांत वाचून दाखवाव्यात. उत्तरे ज्या भाषेत येतील त्या भाषेत येऊ द्यावीत आणि दुसऱ्या भाषेत त्यांचा सारांश लगेच सांगावा. ही शेवटची गोष्ट गौण समजू नये. जो कन्नडभाषक शेजारी मराठी शाळेचा प्रश्न स्वतःच्या भाषेत ऐकेल, त्याला तो प्रथमच शाळेचा प्रश्न म्हणून ऐकू येईल. जो उमेदवार एका गल्लीत मराठीतून एक आणि दुसऱ्या गल्लीत कन्नडमधून दुसरे बोलतो, त्याला दोन्ही गल्ल्या एका मांडवात बसलेल्या सोसणार नाहीत.

एखादा उमेदवार आला नाही तर सभा रद्द करू नये आणि त्याची टिंगलही करू नये. निमंत्रण दिले होते आणि पोच आहे, एवढे वाचून दाखवावे. शेवटी प्रत्येकाच्या उत्तरांचे टिपण दोन्ही भाषांत करून ते ग्रामपंचायतीजवळच्या फलकावर आणि वाचनालयात ठेवावे. पाच वर्षांनी तोच कागद पुन्हा वाचावयाचा आहे. ज्यांना विधानसभेची उडी मोठी वाटते त्यांनी ग्रामपंचायतीपासून आरंभ करावा. कर्नाटकात त्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, त्यामुळे उमेदवाराला वरच्यांची परवानगी विचारण्याचे कारण उरत नाही.

१९५६ मध्ये आपल्याला कोणी विचारले नाही, ही सीमाभागाची जुनी जखम आहे आणि ती खरी आहे. पण तेव्हापासून किती निवडणुका आल्या आणि गेल्या, आणि त्यांत उमेद धरून दारात आलेल्या किती जणांना आपण नीट विचारले, याचाही हिशेब करावा लागेल. पहिला प्रश्न दिल्ली आणि बंगळूरूच्या दारात आहे. दुसऱ्याचे उत्तर खजुरीला, भालकीला, औरादला द्यावयाचे आहे. आणि त्यासाठी एक मांडव, दोन ध्वनिवर्धक, एक घंटा आणि दोन भाषांत लिहू शकणारी चार माणसे पुरतात.